सूर्यफुलाशेजारची खुंटी

आमचे भास्करमामा कॅमेऱ्याला डोळा लावून वाकले की कुणालाही उत्तर देत नसत. हाका मारा, शिव्या द्या, डावा पंजा तेवढा वर यायचा. दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले हे माझे सख्खे मामा, आणि दर रविवारी त्यांना स्कूटीवर रानोमाळ फिरवणारी मी शहाणी! आता मामा नाहीत, तर रविवार खायला उठतो.

त्यांना अख्खं फूल नकोच असायचं. मधला गाभा, तोही इतक्या जवळून की एकेक दाणा वाटाण्याएवढा दिसावा. सूर्यफुलाच्या गाभ्यात दाण्यांच्या वळणदार ओळी असतात, काही डावीकडे फिरणाऱ्या, काही उजवीकडे. "मोज," मामा म्हणायचे. "एकीकडून चौतीस, दुसरीकडून पंचावन्न. आता दोन्हींची बेरीज कर. याहून मोठ्या फुलात तेवढ्या ओळी सापडतील बघ." विसाव्या ओळीलाच माझे डोळे फिरायचे.

एवढ्या जवळून फोटो काढायचा तर साधी झुळूकही चालत नाही. म्हणून ते झाडाशेजारी खुंटी ठोकून दांडा दोऱ्यानं बांधत. त्या खुंटीनंच एकदा घात केला.

यवतच्या पुढं, हायवेपासून आत, एका रानात सूर्यफूल ऐन भरात होतं. त्या दिवसांत नव्या रस्त्याची बोलवा होती. कुणाच्या विहिरीवर मोजणीवाल्यांची लाल फुली, कुणाच्या बांधावर चुना. जमीन जाणार म्हणून गावाची झोप उडाली होती, आणि आम्ही काय करावं? तिपाई उभी केली, खुंटी ठोकली आणि मामा कॅमेऱ्यावर वाकले!

रानाचे मालक आबा कोयता घेऊनच आले. मागं चौघं. एकानं आधी माझ्या स्कूटीची किल्ली काढून घेतली.

"कुणी धाडलं रं तुला? खुंटी कुणाला इचारून ठोकली?"

मामांचा पंजा वर. म्हटलं, मेलो! "आबा, आम्ही सर्व्हेवाले नाही हो, फुलाचा फोटो काढतोय," मी ओरडत होते, ऐकतंय कोण? आबांनी खुंटी उपटून भिरकावली. फूल हललं, तेव्हा कुठं मामांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. तेही चिडून! या भल्या माणसाला कोयता दिसतच नव्हता.

"हललं ना, आबा! आता धरा तुम्हीच."

कुणास ठाऊक का, पण आबांनी धरलं. एका हातात दांडा, दुसऱ्यात कोयता.

"श्वास रोखा," मामा म्हणाले. आम्ही सगळ्यांनीच रोखला.

मग आबांनी स्क्रीनवर ती वळणं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"ह्याचं करायचं काय?"

"काही नाही. बघायचं."

किल्ली परत मिळाली, आणि निघताना आबांनी मामांचा नंबरही घेतला.

पुढच्या हंगामात आबांचाच फोन आला. "मामा, या." गेलो तर रानभर खुंट्या, ओळीनं, खऱ्या मोजणीच्या. फुलं अजून उभी होती. आबांच्या तोंडाकडं बघवेना.

"त्या दिशी तुमी दोघंच व्हता, म्हून कोयता उगारला," ते म्हणाले. "काल खरे मोजणीवाले आले, गाडीतनं. त्यास्नी मी प्यायला पाणी दिलं."

समजूत काढणं मामांना कधी जमलंच नाही. बांधाकडच्या पहिल्या फुलापाशी ते तिपाई रोवून उभे राहिले आणि एकेका फुलाचा फोटो काढत सुटले. ऊन डोक्यावर आलं तरी थांबेनात. आबा आणि मी वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट ताणून धरून त्यांच्यासोबत सरकत होतो. सगळं रान काही होणार नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं, पण पुरे झालं असं कुणीच म्हणालं नाही.