जांभळ्या शाईचं 'उत्तम'

बाईंचे कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे फुकट कडक होतात आणि त्याच्या बदल्यात त्याच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर 'उत्तम' पडतं, अशी कुजबुज शाळेत महिनाभर चालली. कुजबुज म्हणजे कशी, तर एकीने दुसरीच्या कानात सांगायचं, पण तिसरीला ऐकू जाईल अशा बेताने.

बाई नववीच्या वर्गशिक्षिका. निवृत्तीला दोन वर्षं होती. गुडघे मात्र केव्हाच निवृत्त झाले होते. मुलं त्यांना मागून 'शिक्केबाई' म्हणत. कारण त्या शाळेत शेरे लिहीत नसत, मारत असत. वेळ वाचावा म्हणून मुख्याध्यापकांनी तीन रबरी शिक्के करून आणले होते: 'उत्तम', 'समाधानकारक', 'अभ्यासात लक्ष द्यावे'. तो वाचलेला वेळ गेला कुठे, हे बाईंना कधी कळलं नाही.

सहामाहीची प्रगतिपुस्तकं घरोघरी जाऊन आली आणि पालकसभा भरली. इस्त्रीवाला शेवटी आला. मुलांच्या बाकावर कसाबसा मावला आणि त्याने प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं.

"बाई, ते आकडे मला कळत नाहीत. शिक्का कळतो."

बाईंनी पाहिलं. एक्केचाळीस टक्के, गणितात काठावर, आणि खाली ठसठशीत 'उत्तम'. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिन्ही शिक्के टेबलावरच होते. हात लांब केला की झालं.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "पोरीचं नाव काढून दुकानात बसवणार होतो. माझी पाठ गेलीय. पण हे बघितलं, म्हटलं, शिकू दे. पाठीचं बघू काहीतरी."

"गणितात लक्ष द्यायला हवं तिने," बाई सावकाश म्हणाल्या.

"देईल की. उत्तम आहे ना ती."

बाईंनी प्रगतिपुस्तक मिटलं.

पण पलीकडच्या बाकावरच्या एका आईची नजर तेवढ्यात पडायची ती पडलीच. तिच्या लेकाला त्रेसष्ट टक्क्यांना 'समाधानकारक' होतं. आठवड्याभरात गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत, वाटेत चांगली इस्त्री होऊन, पोचली.

"बाई, एक्केचाळीसला उत्तम? चुकून पडलं असेल तर सांगा. लाल शाईने दुरुस्त करू, पुन्हा सहीला घरी पाठवू. विषय संपला."

पुन्हा घरी. म्हणजे मुलीचाही विषय संपला. बाई खिडकीतून मैदान बघत राहिल्या. खुर्ची दिली असती तर बरं झालं असतं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

"चुकून नाही सर. विचार करून दिलंय."

"मग लोक बोलतात ते..."

"बोलू दे."

सरांनी शिक्के काढून घेतले. तेव्हापासून बाई बासष्ट शेरे हाताने लिहू लागल्या आणि मनगटही गुडघ्यांच्या वाटेने गेलं. मुलगी दहावीत गेली. गणित तिला शेवटपर्यंत आलं नाही.

राहिली ती कुजबुज. बोलणाऱ्यांनी बाईंच्या चुरगळलेल्या बाह्यांकडे एकदा जरी पाहिलं असतं, तरी पुरे होतं. इस्त्रीवाल्याकडे त्यांनी एकही कपडा कधी दिला नव्हता. शिक्के मारायच्या त्या दुपारी सहा तास घेऊन झाले होते, डोळा लागत होता, आणि हाताला चुकीचा शिक्का लागला.