पीएच.डी.ची एक जागा घेऊन पनवेलला

लोक पनवेलला प्लॉट बघायला जातात, मी पीएच.डी.चा विद्यार्थी बघायला गेले. पुण्यात माझा जीवभौतिकीचा नवा संशोधन गट आहे. गट म्हणजे मी, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन जागा. एक भरली. दुसरी महिनाअखेरपर्यंत भरली नाही, तर ती शेजारच्या विभागाला जाईल, असं विभागप्रमुखांनी हसत हसत सांगितलं होतं. आलेल्या अर्जांपैकी एकाने 'आदरणीय सर' अशी सुरुवात करून माझ्याच शोधनिबंधातले उतारे मला पाठवले होते. मग पनवेलच्या एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावल्यावर मी लगेच गाडी काढली.

पुण्याहून सकाळी सातला निघालात तर साडेनऊपर्यंत कळंबोली येतं. पुढे न्हावा शेवा बंदराचे कंटेनर वाट देतील तेव्हा सरकायचं. वाटेत पोटभर खाऊन घ्या. मी खाल्लं नाही, कारण निमंत्रणपत्रिकेवर 'अल्पोपाहार' छापलं होतं. तो कार्यक्रमानंतर होता.

अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला, कारण अध्यक्ष यायचे होते. अध्यक्ष म्हणजे भाऊ, शेतजमिनीवर टॉवर उभारलेले कॉलेजचे देणगीदार. सभागृह मात्र गच्च भरलेलं.

"भौतिकशास्त्राला एवढी मुलं?" मी हरखून प्राचार्यांना विचारलं.

"छे हो मॅडम, कॉमर्सची आहेत. भाऊंना रिकाम्या खुर्च्या चालत नाहीत."

मग शाल आणि नारळ मला, भाऊंना, आणि का कोण जाणे, निवृत्त ग्रंथपालांनाही. भाऊ पाऊण तास बोलले. "बायोफिजिक्स म्हंजे शरीराची ताकद! आमी पोरांना जिम बांधून दिलीय, मॅडम, बगून जा." माझ्या वाट्याला अकरा मिनिटं आली. शेवटी एकच प्रश्न आला, सर्टिफिकेट कधी मिळणार? मला रडावं की हसावं कळेना.

पायऱ्या उतरताना एका मुलीने गाठलं. दर्शना, गव्हाणची, याच कॉलेजातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तळोज्याच्या केमिकल कंपनीत नमुने तपासते, आज सुट्टी टाकून आलेली.

"मॅडम, आमची मिठागरं होती. वाफ्यातलं पाणी आटत आलं की गुलाबी होतं. त्यात जीव असतात ना? तेवढ्या मिठात कांद्याची पेशी आक्रसते, मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बघितलंय. मग त्यांची का नाय आक्रसत?"

अनुदानाच्या प्रस्तावात हाच प्रश्न मी सोळा पानांत विचारला होता. पोटातली भूक विसरले.

"अर्ज का नाही केलास?"

तिने मोबाइलवर माझीच जाहिरात दाखवली. त्यात अट होती, उमेदवार गेल्या दोन वर्षांतच उत्तीर्ण झालेला असावा. "मला चार वर्षं झाली. बाबा आजारी पडले, नोकरी धरली. ही अट कशाला असते, मॅडम?"

"ऑफिसवाले टाकतात," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. अट मीच टाकली होती, अर्जांचा ढीग कमी व्हावा म्हणून. नोकरीत अडकलेली माणसं काय संशोधन करणार, असंही वाटलं होतं.

परतताना घाटात दोन तास अडकले. कॉमर्सची मुलं खुर्च्यांवर बसवणाऱ्यांना मी दिवसभर मनात हसत होते आणि खरी भौतिकीची मुलगी मीच दाराबाहेर ठेवली होती. भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना अर्ज दिला, की अट काढून मुदत वाढवावी. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझा आळस.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बघू म्हणाले. जागा वाचेल की नाही, आज हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी दर्शनाला फोन करून खरं सांगितलं.

"मंग काल खोटं कशाला बोललात?"

"लाज वाटली म्हणून."

"ठीक हाय. अर्ज करते मी. पण आले ना तिथं, तर तुमची मोजमापंपण मी परत तपासून घेणार हां, मॅडम."