नानांच्या मोटरचा फोन

आधीच सांगते, भूतबीत, करणी, दृष्ट यातलं मी काही मानत नाही. रस्त्यातलं लिंबू ओलांडून जाते, अमावस्येला मुद्दाम नवीन स्कूटी घरी आणली होती आणि त्यावरून आत्याशी वाद घातला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट विचित्र वागली की कुठंतरी बग असणार, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितेय, कारण वर्ष उलटलं आणि हा बग मला सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडला तर जरूर सांगा. फक्त ‘योगायोग’ असा एक शब्द लिहून मोकळे होऊ नका... तो माझा स्वतःशी बऱ्याचदा म्हणून झालाय.

आमचं घर बारामतीजवळ काटेवाडीत. उसाच्या चालत्या ट्रॉलीमागं पळायचं आणि मोळीतला ऊस ओढून काढायचा, हा आमच्याकडच्या पोरांचा ठरलेला उद्योग. मीही त्यात पुढं असायची. एकदा ऊस निघाला नाही, मी सोडला नाही आणि ट्रॉलीबरोबर फरफटत गेले. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड जुळलं, पण जिथून हाड वाढतं ती जागाच दुखावली होती. उजवा पाय वाढत राहिला, डावा मागं पडला. कॉलेजात जाईपर्यंत दोन इंचांचा फरक झाला होता. एका चपलेला जाड टाच लावून मी पुण्यात शिकले, नोकरीला लागले, टीम सांभाळायला लागले.

तिशी ओलांडल्यावर कंबर बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, पायाची लांबी वाढवायचं ऑपरेशन होतं, पण सोपं नाही, बरेच महिने जातील. मी तिथंच हो म्हणाले. गावात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की पोरगी लग्नासाठी करतेय. लग्न हा विषय मी तेव्हाही बंद ठेवला होता, आजही बंदच आहे. मला रस्ता ओलांडताना पळायचं होतं. बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नडगीचं हाड मधे कापतात. पायाभोवती स्टीलच्या रिंगा बसवतात, त्यांच्या तारा हाडातून आरपार जातात. मग त्या रिंगांमधले नट दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी, जरा जरा फिरवायचे. त्यामुळे हाडाच्या दोन तुकड्यांमधली फट दिवसाला एक मिलिमीटर वाढते आणि त्या फटीत शरीर नवीन हाड भरत जातं. पाना साधा दहा नंबरचा, आमच्या शेतातल्या पेटीत असतो तसलाच. आत्या बघायला आली, शाल बाजूला करून पाय बघितला आणि चहा न घेता ओट्यावर जाऊन बसली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. नट फिरवणं चुकवायचं नाही, नाहीतर हाड आधीच जुळून बसेल आणि लांबी अर्धवट राहील. आणि पावलाकडे रोज लक्ष ठेवायचं, बोटं हलतात का बघायचं. पहिली गोष्ट मी मनावर कोरून घेतली. दुसरीही करत होते, पण माझ्या पद्धतीने. बोटं खाली वळली की झालं, असं धरून चालले होते.

ऑपरेशन झाल्यावर मी काटेवाडीत आईकडे आले आणि महिन्याभरात काम सुरू केलं. मॅनेजरने चांगल्या मनाने लांब सुट्टी घे म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. आमच्या अ‍ॅपचं मोठं रिलीज तोंडावर होतं, ते माझ्या हातचं होतं आणि मला ते दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. लॅपटॉप पलंगावरच्या टेबलावर, पाय दोन उशांवर, कॅमेरा खांद्यापर्यंत. अर्ध्या टीमला माझ्या पायात तारा आहेत हे माहीतही नव्हतं. फार दुखलं की म्यूट करून रडायचं आणि डोळे पुसून अनम्यूट व्हायचं. असे बरेच दिवस काढले.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील. ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी ते हार्टने गेले. आमची थोडी जमीन तिकडे इंदापूर तालुक्यात, डाळजजवळ, उजनीच्या पाण्याच्या काठाला आहे. ज्यांची मोटर त्या पाण्यावर आहे त्यांना उन्हाळ्यातलं काम माहीत असेल. पाणी मागं हटत जातं आणि मोटर त्याच्यामागं पुढं पुढं सरकवत न्यावी लागते. सरकवायला उशीर झाला की मोटर कोरडी फिरते आणि जळते. काटेवाडीहून रोज तिकडे जाणं व्हायचं नाही, म्हणून नोकरी लागल्यावर मी नानांना मोबाईल स्टार्टर घेऊन दिला. त्यात सिमकार्ड असतं. लाईट आली की तो फोन करून सांगतो. मोटरला पाणी मिळेना झालं तर स्वतःच मोटर बंद करतो आणि मग फोन करतो. दुसरा नंबर म्हणून मी त्यात माझाही घातला होता.

फोनवरूनच एक बटण दाबून मोटर पुन्हा चालू करता यायची. नानांनी ते बटण आयुष्यात दाबलं नाही. पाणी नाही असा फोन आला की ताटावरून उठायचे, मोटारसायकल काढायचे आणि डाळज गाठायचे. मी वैतागून म्हणायची, नाना, एकदा लावून तर बघा, कचरा अडकला असेल तर निघून जाईल, उगीच कशाला हेलपाटा? त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

“यंत्राचं काम हाक मारायचं. जायचं काम आपलं. डोळ्यानं बघितल्याबिगर मोटर लावायची न्हाय.”

हा आमच्या घरातला कायदाच होता. आईही तोच पाळायची. नाना गेल्यावर जमीन चुलतभाऊ संतोषदादाने वाट्याने केली आणि त्याच्या पद्धतीचा नवीन स्टार्टर बसवला. जुन्याच्या वायरी कापून डबा आमच्या काटेवाडीच्या शेडमध्ये आणून टाकला. त्यातलं सिम मी माझ्या हाताने काढलं, नंबर बंद केला आणि सिम कात्रीने कापून टाकलं. फोनमधलं नाव मात्र तसंच राहिलं, ‘नाना मोटर’.

तर त्या दिवशी आमचं रिलीज होतं. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं, आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दोन-तीन दिवस माझ्या पावलाला मुंग्या येत होत्या, पण दिवसभर एका जागी बसून मुंग्या येणारच. कॉल सुरू व्हायला थोडा वेळ होता, तेवढ्यात नट फिरवून घ्यावेत म्हणून मी पाना उचलला. आणि फोन वाजला. स्क्रीनवर ‘नाना मोटर’.

मी दचकले, खोटं कशाला सांगू. पण डोकं लगेच चालू झालं. बंद झालेले नंबर कंपनी दुसऱ्याला देते, त्याने चुकून लावला असेल. मी कट केला. पाना नटाला लावते तोच पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. जरा रागच आला होता, कारण वेळ टळत होती. पाना नटावर नीट बसवला आणि फिरवणार, तेवढ्यात तिसऱ्यांदा. या वेळी मी फोनकडे बघितलंच नाही. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. माझे हात अडकलेले दिसले म्हणून तिनेच करंगळीने फोन उचलला आणि स्पीकर लावला.

“मोटरला पाणी मिळत नाही. मोटर बंद केली आहे. कृपया तपासा.”

तोच रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलेला. दोनदा बोलला आणि फोन बंद झाला.

आई घाबरली नाही. याचं मला आजही नवल वाटतं. तिने हात पुसले आणि आधी संतोषदादाला फोन लावला. तो तिथंच शेतावर होता. त्याने जाऊन बघितलं आणि सांगितलं की मोटर व्यवस्थित चालू आहे, पाणी भरपूर आहे, त्याला कसलाही फोन आलेला नाही. आईने ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातला पाना काढून घेतला.

“तितलं समदं ठीक हाय. मग हितलं बघायचं. बघितल्याबिगर फिरवायचं न्हाय.”

मी चिडले. आई, हा पाय आहे, मोटर नाही. वेळ चुकली तर हाड बसेल, आजवरचं सगळं दुखणं वाया जाईल, आणि कुठल्यातरी खराब कॉलवरून तू... बरंच बोलले. ती पाना पदरात गुंडाळून उभी राहिली. माझी आई भांडत नाही, पण तिने एकदा नाही म्हटलं की बैलजोडी लावूनही ती हलत नाही. आणि मला तर पलंगावरून उठून पाना हिसकावताही येत नव्हता.

“चिड तू. पर डाक्टरनं बघितल्यावर मी सोता फिरवून दीन.”

शेवटी शेजारच्यांची गाडी आली. मागच्या सीटवर आडवी पसरून, लॅपटॉप पोटावर ठेवून मी बारामतीला निघाले आणि रिलीजचा कॉल त्या गाडीतूनच घेतला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येतोय असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, गाव आहे, येणारच, पुढचा मुद्दा घ्या. राग अजून उतरला नव्हता.

पुण्याच्या सर्जनच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर बारामतीत माझे एक्सरे काढायचे. त्यांनी आधी एक्सरे बघितला, तो उत्तम होता. मी आईकडे बघितलं, की बघ. मग त्यांनी पावलाला हात लावून सांगितलं, अंगठा वर उचला.

मी उचलला. म्हणजे, मला वाटलं की उचलला. अंगठा जागचा हलला नव्हता. पुन्हा प्रयत्न केला, दात आवळून केला. खाली वळत होता, वर येत नव्हता. ट्रॉलीमागं फरफटत गेले तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

डॉक्टरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. हाडाच्या वेगाने नस वाढत नव्हती, ती ताणली गेली होती. आज नट फिरवलेत का, असं त्यांनी दोनदा विचारलं. सकाळचं पहिलं फिरवणं झालं होतं, दुसरं राहिलं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं. अशीच ताणत राहिला असतात तर पाऊल कायमचं लोंबकळू शकलं असतं, मग दोन इंच मिळून काही उपयोग नव्हता. नट आजपासून बंद. नस सावरली की पुन्हा सुरू करू, पण निम्म्या वेगाने. हाड बसायचा धोका आहे, तो पत्करू.

परतताना गाडीत मी आईचा हात धरून बसले होते. उसाचे फड मागं जात होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुज्या नानांनी कदी एक मोटर जळू दिली न्हाय.” मी रडले, आणि त्या दिवशी म्यूट करायची गरज नव्हती.

पुढचे दिवस मी रोज सकाळी अंगठ्याकडे बघत बसायची. वर ये, वर ये. काही होत नव्हतं. फिजिओने सांगितलेला प्रत्येक व्यायाम केला, सांगितला त्याहून एकही जास्त केला नाही, हे माझ्यासाठी जास्त अवघड होतं. आणि एका सकाळी आई केस विंचरून देत असताना अंगठा उचलला गेला. जरासाच. मी ओरडले तेव्हा आईच्या हातातून फणी पडली. नट पुन्हा सुरू झाले, निम्म्या वेगाने, आणि आईने शब्द पाळून पहिल्यांदा स्वतः फिरवले. हाड आधी बसलं नाही. वेळ जास्त लागला, पण दोन इंच पूर्ण झाले. रिंगा निघाल्या, काठी सुटली. परवा भिगवणला बस सुटत होती आणि मी पळत जाऊन पकडली.

आता बगकडे येऊ. बारामतीहून आल्यावर मी आईला शेडमधला जुना डबा आणायला लावला आणि स्वतः उघडला. सिमची जागा रिकामी, वायरी कापलेल्या, आत पालीची अंडी. त्या नंबरवर उलट फोन केला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही. नंतर मोबाईल कंपनीच्या दुकानात चौकशी केली, नंबर अजून कुणालाच दिलेला नव्हता. कुणी नंबरची नक्कल करून फोन केला म्हणावं, तर डाळजच्या मोटरचा बंद नंबर वापरून माझा पाय वाचवण्यात कुणाचा काय फायदा? टीममधल्या एका हुशार पोराला मी सगळं सांगितलं. त्याने बरेच दिवस डोकं चालवलं आणि मग विषय काढायचा बंद केला.

आणि शेवटी ज्या गोष्टीपाशी मी दरवेळी अडकते ती सांगते. त्या स्टार्टरचं सेटिंग मीच केलं होतं, म्हणून मला पक्कं माहीत आहे. तो प्रत्येक नंबरला एकदाच फोन करतो. उचलला तर ठीक, कापला तर विषय संपला. पुन्हा लावत नाही, तशी सोयच त्यात नाही. त्या सकाळी मी दोनदा कापला होता. मग दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कोणी लावला, हे मला आजही माहीत नाही.