फौजेचा कोटा आणि अकरावी

मैत्रिणींनो, आज शेजारच्या हौसाबाईंबरोबर साताऱ्यात त्यांच्या शालनच्या अकरावीच्या प्रवेशासाठी गेले होते.

कारकून म्हणाले, "वडील फौजेत ना? मग कोट्यातून आजच प्रवेश घ्या. गुणांच्या यादीला थांबू नका, जागा थोड्या आहेत."

हौसाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आवं सायेब, कोटा ह्यांनी सुट्टीवर आल्या आल्याच संपिवला. एक बाटली न्हाई उरली."

"अहो, रमचा नव्हे, जागांचा कोटा!" मी म्हटलं. सगळे हसले, आणि शालनचा प्रवेश झाला.

परतताना शालन हळूच म्हणाली, "काकू, यादीत माझं नाव आलं असतं का वो?"

कोट्यातून जागा घेतली की नाव यादीतून निघतं. म्हणजे यादीत स्वतःचं नाव तिला कधीच दिसणार नाही. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?