साळवेंचा उजवा हात

साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर ढकलत होतो. त्यांची मुलगी सुषमा बोलत होती. "काका, बाबा गेले," एवढंच. शटर अर्ध्यावरच सोडून मी त्यांच्या घराकडं निघालो... त्याला महिना उलटून गेला. अख्खं बुलढाणा त्यांना मोजणीवाले साळवे म्हणून ओळखायचं. या शहरात साखळी टाकून त्यांनी मोजला नाही असा रस्ता शोधावा लागेल. मी भांड्यांचा दुकानदार, गेली नऊ-दहा वर्षं रोज सकाळी त्यांच्यासोबत फिरणारा मित्र. आणि त्यांचा हात मोडणाराही मीच. हे आजवर कुणी उघड बोललेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. चिखली रोड रुंद होणार अशी आवई उठली होती. एका सकाळी साळवे तिपाई, दुर्बीण घेऊन आले आणि त्यांनी माझ्या ओट्यावर लाल रंगाची फुली मारली. झालं! आमच्या रांगेतल्या सगळ्यांची डोकी फिरली. दुकान धाड गावचं दोन एकर वावर विकून घेतलेलं. ते पाडणार म्हणजे मला जिवंत गाडणंच. पन्नास-साठ माणसं जमली. कुणी तिपाई लाथेनं पाडली, कुणी दुर्बीण नालीत फेकली, त्यांचीच साखळी त्यांच्या पाठीवर वाजली. ते खाली पडले, डोक्यातून रक्त गळत होतं, तरी नकाशाची गुंडाळी पोटाशी धरून होते. माझ्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती. मी ती हाणली. दोनदा. दुसऱ्या वेळी कोपरातून जो आवाज आला तो अजून कानात आहे. वर त्यांच्या जातीवरून जे बोललो ते इथं लिहिण्याची माझी छाती नाही, पण बोललो, आणि मोठ्यानं बोललो. लोक हसले.

पोलिसांना साळवेंनी एकच सांगितलं, गर्दीत कोणी दिसलं नाही. महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही, मग हळूहळू लागायला लागलं... माणूस असाच असतो.

रुंदीकरण झालं ते समोरच्या बाजूनं. माझ्या ओट्याचा टवकाही उडाला नाही. का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. साळवे निवृत्त झाले आणि एक दिवस बादली घ्यायला दुकानात आले. उजवा हात कोपरात वाकडा, तसाच आखडलेला. पैसे डाव्या हातानं दिले, ओट्यावर बसले आणि पुसट झालेल्या फुलीवर बोट ठेवून म्हणाले, "शेळके, हे फुली दुकान पाडाची नव्हती. इथून दुर्बीण लावून समोरचं मोजाचं होतं. इंग्रजाच्या नकाशात रस्ता तिकडूनच हाय. तुमची रांग पहिलेपासून बिनघोर होती."

"मंग सांगितलं काऊन नाही, साहेब?"

"तुमी इचारलं कुठं?"

त्यानंतर आम्ही सोबत फिरू लागलो. का आले ते माझ्यासोबत, देव जाणे. राजूर घाटाच्या तोंडाशी उभे राहून ते डाव्या हातानं दाखवायचे. इकडं पडलेलं पाणी घाट उतरून पूर्णेला जातं, पाठीमागं पडलेलं पैनगंगेला. हे शहर वसलंय ते पाण्याच्या वाटणीवर. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीकडं जाणारी वाट कुठून फुटायची, इंग्रज साहेबांचे बंगले इथल्या थंड हवेसाठी कसे आले, सगळं तोंडपाठ. तिथंच एकदा मी सगळं बाहेर ओकलो. सळई माझी होती, म्हणालो. मला माफ करा.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "तुह्या तोंडाकडंच पाहत पडून होतो मी."

"मंग नाव काऊन नाही घेतलं?"

"केस झाली असती तं काम अडकलं असतं. गावाले रस्ता पाहिजे होता. तुह्यावर दया नाही केली, शेळके. हाडाचं मी सोडून देलं कवाच. बोलला ते नाही सोडलं."

आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला आले. मी नंतर तीनदा माफी मागितली. एकदाही "जाऊ दे" म्हणाले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो. त्यांचे एक जुने सहकारी बोलले, "साहेबांचा हात मोडणारा नराधम शेवटपर्यंत सापडला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली! त्या हललेल्या मानेची जेवढी लाज वाटते तेवढी त्या सळईचीही वाटली नव्हती.

परवा इथपर्यंतचा हा लेख घेऊन सुषमाकडं गेलो. छापायच्या आधी तिला कळायला हवं होतं. साळवेंच्या खोलीत भिंतीवर शहराचा नकाशा तसाच आहे. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला, मी वाचून दाखवलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "छापा. नावासकट छापा." मग नकाशाकडं बघत म्हणाली, "मी पाच वर्षांची होती, काका. त्यानंतर बाबांनी मले कधी कडेवर घेतलं नाही. मले वाटे, मी जड झाली."

माझ्यासमोरचा भरलेला कप तिनं उचलला आणि आत नेला.