चौकीमागची वाट

"सायकलला हात लावशील तर याद राख!"

"हात कुठं लावतेय? पाय लावतेय. पायडल काय हातानं मारतात?"

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मिलच्या चाळीतल्या भिंती अशा, की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक यायची. त्यामुळं दौलतराव आणि सुमनबाईंचं हे भांडण ऐकायला कुणाला कान लावावा लागला नाही. शेजारीण तांदूळ निवडत बसली होती, तिनं सूप खाली ठेवलं ते भांडण मिटेपर्यंत उचललं नाही. त्या दिवशी तिच्या घरी भातात खडे निघाले ते यामुळं.

भांडण सायकलीचं दिसत होतं, पण सायकलीचं नव्हतं.

दौलतराव मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर; कामगारांचे मुकादमच. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, आणि ती पलटणीची ताठ मान नातवाकडं आली होती. मिल चालू होती तेव्हा हप्त्याच्या सुट्टीला बाकीचे लोक सिनेमाला जायचे, पत्ते कुटायचे. दौलतराव पहाटे सायकल काढून घाटात जायचे. एकटे. संध्याकाळी परत यायचे ते वेगळेच माणूस होऊन. चेहरा धुतल्यासारखा, आवाज मऊ. कुणी विचारलं, "कुठं गेले होते भिया?" तर म्हणायचे, "सिमरोलच्या पुढं." बस. त्यापुढं एक अक्षर नाही.

सिमरोलच्या पुढं खंडव्याचा रस्ता घाटात शिरतो, हे सगळ्यांनाच माहीत. ट्रक, बस, धूर, भोंगे. दौलतरावांची वाट ती नव्हती. घाटाचं पहिलं वळण यायच्या आधी जंगलखात्याची चौकी होती. तिच्या मागून एक जुनी सडक डोंगराला वळसा घालून निघायची. मोटारी तिच्यावर येत नसत. सागाची झाडं, उन्हाळ्यात पळस पेटलेला, एका वळणावर खाली तलाव, आणि मधेमधे छोट्या वस्त्या. चढ होता, पण समजूतदार चढ. माणसाचा दम बघून थोडा थोडा वर नेणारा. तिथं दौलतराव एका दगडावर बसून भाकरी खायचे. साळखात्यात ओरडून बोलावं लागे, घरात पोरं, चाळीत नळाची भांडणं. त्या वळणावर मात्र स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

ही वाट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

मग मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत माणसं फाटकापाशी बसून राहिली. दौलतराव सांवेर रोडला कारखान्यांत विचारून आले. तिथल्या साहेबानं त्यांच्या डोक्याकडं बघितलं, पांढऱ्या केसांकडं, आणि म्हणाला, "आप आराम करो दादा." त्या दिवसापासून आराम हा शब्द काढला की ते खवळत. आणि गंमत अशी, की घाटात जाणंही सुटलं. काम असेल तर सुट्टी. कामच नाही, तर सुट्टी घ्यायची कशातून?

घर चालवायला सुमनबाई शिवणाला बसल्या. परकर, पोलकी, झबली. पण तोवर बाजारात झगमगीत तयार कपडे आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले. चाळीतल्या बायकाही म्हणायला लागल्या, "सुमनताई, रेडीमेडचा फॉल कसा छान पडतो हो." सुमनबाईंनी ओळखलं, इंदूरला आता आपली गरज नाही. घाटातल्या खेड्यांतल्या बायकांना असेल. तिथं कोण शिंपी जातो?

म्हणून त्या दिवशी त्यांनी सायकलला हात लावला, किंवा त्यांच्या म्हणण्याप्रमाणं पाय. भांडण होऊन गेल्यावर मिलच्या मोकळ्या मैदानात त्या आधी कैंची शिकल्या, म्हणजे दांड्याखालून पाय घालून चालवायला. मग दांड्यावरून. गुडघे फुटले, लुगडं फाटलं, पण शिकल्या. मागं गाठोडं बांधलं आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही घाटातले जाणकार. कसं जायचं ते सांगा."

इथंच घोडं पेंड खायला लागलं. मिल गेली. सायकल गेली. पगार आणायचा मान गेला. आता ही बाई वाटही मागते? दौलतरावांच्या पोटात जे दुखलं, ते कुठल्या वैद्याला दाखवण्यासारखं नव्हतं.

"सरळ जायचं," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "खंडवा रोड धरायचा. घाट लागेल."

सुमनबाई सरळ गेल्या. ट्रकांच्या मधून, धूर खात. दौलतरावांना वाटलं होतं, चार दिवसांत पाय धरून बसेल. ती बसली नाही. संध्याकाळी घामेजून यायची आणि भाकरी थापता थापता सांगायची, आज अमकीचं पोलकं मापात बसलं, तमकीनं ताक दिलं. दौलतराव ऐकत नसल्यासारखं ऐकायचे.

"चढावर उतरलीस?" आशेनं विचारायचे.

"उतरले की. त्यात लाज कसली? सायकल धरून चालले. एका म्हातारीशी गप्पा झाल्या, तिच्या सुनेचं माप मिळालं."

घ्या! उतरण्यातसुद्धा तिचा फायदा. मिलमधला दोस्त चिंतामण, जो आता सायकली दुरुस्त करायचा, तो हसून म्हणाला, "दौलतभिया, तुम्ही तर वहिनीवर असे जळता, जशी ती जॉबर झाली आणि तुम्ही बदली कामगार." दौलतराव दोन दिवस त्याच्या दुकानावर फिरकले नाहीत. खरं बोललेलं जास्त लागतं.

एक दिवस सुमनबाई लवकर परत आल्या. कोपर सोललेलं, गाठोडं चिखलानं माखलेलं. वळणावर ट्रकनं दाबलं, त्या कडेला पडल्या, कड्यापासून हातभर अलीकडं. त्यांनी ना रडं काढलं ना तक्रार केली. नळावर बसून नवे परकर एकेक करून धुवायला लागल्या. पाण्यातून काळा चिखल जात होता आणि दौलतराव उंबऱ्यात उभे राहून तो बघत होते. त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी ते चिंतामणची सायकल मागून घेऊन आले. "मी येतो."

"कशाला?"

"रस्ता चुकतेस तू."

"सरळ रस्ता कसा चुकेन हो?"

त्यांनी पायडल मारलं. सिमरोल मागं पडलं, चौकी आली. दौलतराव उतरले. थोडा वेळ हँडल धरून नुसते उभे राहिले, जसं कुणी घराची चावी द्यायच्या आधी उभं राहतं. मग म्हणाले, "इकडून."

सुमनबाईंनी सडकेकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

"केव्हापासून माहीत आहे?"

"आपलं लग्न व्हायच्या आधीपासून."

"आणि मला ट्रकांत घातलंत."

त्या सायकलवर बसून पुढं निघाल्या. दोन सायकलींच्या साखळ्यांचा आवाज आणि पानांची सळसळ. दौलतरावांना ती शांतता पहिल्यांदाच नकोशी झाली. तलावाच्या वळणावर सुमनबाई थांबल्या. खाली पाणी चमकत होतं. पदरानं तोंड पुसून बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढं चांगलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि एकट्यानं कसं खाल्लंत हो?"

"मिल मालकाची," दौलतराव खाली बघत म्हणाले. "घर तुझं. पोरं तुझ्याकडंच धावतात. एवढंच माझं होतं."

"मग आता?"

"आता तुझंही."

ते 'तुझंही' त्यांच्या घशातून कसं निघालं ते त्यांनाच ठाऊक. हळद भरलेल्या जखमेसारखं चरचरत राहिलं.

आणि झालंही तसंच. वर्षभरात ती वाट सुमनबाईंची झाली. वस्त्यांतल्या बायका सायकलची घंटी ऐकून दारात यायच्या. मापाला त्या दोरा आणायच्या, छातीला एक गाठ, कमरेला एक गाठ, आणि कुणाचा दोरा कुठला ते सुमनबाई बोटांनी ओळखायच्या. दौलतराव कधीमधी सोबत जात, गाठोडं धरत. लोक विचारत, "ये कौन?" आणि उत्तर यायचं, "सुमनबाई का आदमी." ज्या वाटेवर त्यांनी तरुणपण घालवलं, तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. दगड ओळखत होते, पण दगड साक्ष देत नाहीत.

"ही वाट पहिल्यांदा मी शोधली," ते म्हणायचे.

"हो ना. तुमच्या नावाची पाटी तेवढी लावायची राहिली."

मग एकदा चौकीपाशी रंगीबेरंगी कपड्यांतली पोरंपोरी भेटली. डोक्यावर टोप, पातळ चाकांच्या गियरच्या सायकली, एकेक सायकल चाळीतल्या घरापेक्षा चकचकीत. महूकडून आली होती. एकानं विचारलं, "आंटी, इधर अंदर कोई अच्छा रास्ता है क्या? शांत वाला?"

दौलतरावांनी सुमनबाईंकडं बघितलं. सुमनबाईंनी चौकीमागं नजरही वळवली नाही.

"अंदर कुछ नहीं भैया. काँटे हैं, पंक्चर हो जाएगा. वापस महू का रास्ता अच्छा."

पोरं वळून गेली. सुमनबाई निगरगट्टासारख्या गाठोड्याची दोरी आवळत राहिल्या. दौलतरावांना हसू फुटलं, ते असं की सायकल हातातून पडली.

"हसताय काय?" त्या फणकारल्या. "उद्या शंभर जण येतील. आपली वाट आहे ती."

*आपली.* दौलतरावांनी ऐकून घेतलं. भांडायला काही उरलं नव्हतं, तरी पुढं कैक वर्षं ते दोघं त्या वाटेवरून भांडतच राहिले. कोण आधी चढलं, कुणाला पाणी आधी मिळालं, यावरून.

सुमनबाईंचा गुडघा सुजला त्या थंडीत दौलतराव एकटे निघाले. त्यांची ती घाटातली शेवटची खेप होती, पण हे तेव्हा कुणाला माहीत? नेहमीसारखी हवा बघितली, नेहमीसारखे चहा कमी गोड झाल्याबद्दल कुरकुरले, आणि गेले. तलावाच्या वळणावर टेकले. मग दारोदार परकर पोचवले. प्रत्येक दारात एकच सवाल, "आज बई नी आई?" म्हणजे, आज बाई नाही आली? बाकीच्यांनी मापाचे दोरे दिले, पण एकीनं तर नवं माप द्यायलाही नकार दिला. म्हणाली, "बई आएगी, तब."

दिवस कलताना ते परतले. सायकल भिंतीला लावली.

"पोचवले सगळे?" सुमनबाईंनी आतून विचारलं.

"पोचवले."

"माझी आठवण काढली कुणी?"

दौलतराव पाय धुवत होते. "कुणी नाही," ते म्हणाले. "मलाच विचारत होत्या, पुन्हा कधी येणार म्हणून." आणि खिशातले दोरे काढून, एकमेकांत गुंतू न देता, त्यांनी तिच्या मशीनवर ठेवले.