डाव्या दाराचं पायदान

ब्रह्मपुरीचा हा मिस्त्री गाडीत काय बिघडलं ते आधी इचारत नाई. आधी इचारते, "चाचा, गाडीत कोण बसते?" धानाची पोती म्हटलं का स्प्रिंगचे पाटे पाह्यते, म्हातारं माणूस म्हटलं का दार.

यंदा माही जुनी पिकअप त्याच्याकडं नेली. म्हणलं, चेसिसवर गुटके टाकून बॉडी उचल आन मोठे टायर बसव, नाल्यात अडकली नाई पाह्यजे. ह्या खेपी त्यानं काई इचारलं नाई. एकेक बोल्ट पान्यानं ठोकून, कान लावून आयकत बसला.

तिसऱ्या दिवशी गेलो तं डाव्या दाराखाली लोखंडी पायदान लावेल होतं.

"हे कोणी सांगतलं तुले?"

"गाडी उंच झाली ना चाचा. चाचीचे घुटने दुखते, चढन कशी?"

म्हणलं, "ती मागच्या पावसात गेली. दवाखान्यात नेतानी गाडी नाल्यात अडकली. पोचलो तवा उशीर झाला होता."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. हळूच इचारलं, "मंग आता कोण बसते?"

"मीच."

त्यानं पायदान कापून काढलं आन उजवीकडं, माह्या दाराखाली जोडलं. "तुमचे भी घुटने लोखंडाचे नाई, चाचा."

डावीकडं वेल्डिंगचे दोन काळे डाग राह्यले. "रंग मारू का?"

"नको. राहू दे."

घरी येतानी तोच नाला लागला, पाणी होतंच. गाडी एकदाबी थांबली नाई.